अंगठा उठवण्यापूर्वी
श्रोतेहो, मोठ्या इस्पितळात कधी डॉक्टर विचारतात, “नव्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्याल का?” घाबरू नका; पण लगेच अंगठाही उठवू नका.

असे अभ्यास हवेतच. १९५६ साली मद्रासला क्षयरोग्यांचे दोन गट केले: एक घरी, दुसरा सॅनिटोरियममध्ये. १९५९ साली निष्कर्ष आला, की औषध नेमाने घेतले तर रोगी घरीही तितकाच बरा होतो. गरिबाला केवढा दिलासा!

पण संमती तुमची. २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत, लेखी मिळाली पाहिजे. अभ्यासामुळे इजा झाली, तर उपचार मोफत. केव्हाही बाहेर पडता येते. त्यासाठी नेहमीचे उपचार अडत नाहीत.

शिक्षकबंधूंनो, गावातले कुणी असा कागद घेऊन आले, तर तो सावकाश वाचून दाखवा.