थकवा आणि वारीची रचना
दूरच्या ध्येयाकडे जाताना येणाऱ्या थकव्यावर मात करण्यास निर्धाराइतकाच वाटचालीच्या रचनेचाही आधार लागतो, हे पंढरीच्या आषाढी वारीवरून, म्हणजे पंढरपूरच्या पायी यात्रेवरून, स्पष्ट होते. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा सुमारे २५० किलोमीटरचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत पार करतो. हे अंतर मुक्कामांत, म्हणजे रात्रीच्या वस्तीच्या टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्पा पुन्हा विसाव्यांत, म्हणजे वाटेवरील अल्प विश्रांतीच्या जागांत, विभागलेला असल्यामुळे दमलेल्या वारकऱ्याला एका वेळी पुढच्या विसाव्यापुरतेच बळ गोळा करावे लागते. पुणे ते सासवड हा टप्पा विशेष दमछाक करणारा, कारण त्यात दिवे घाटाची चढण लागते. तेथे दिंडीतील, म्हणजे ओळीने व शिस्तीने चालणाऱ्या वारकरी समूहातील, टाळ-मृदंगाचा ठेका पावलांची गती सांभाळतो. सासवडला सोहळा साधारणतः दोन रात्री थांबत असल्याने तळपायांच्या फोडांना औषधपाणी करण्यास आणि दुखऱ्या पोटऱ्यांना तेल चोळण्यास उसंत मिळते, आणि मग पुढच्या मुक्कामाची, जेजुरीची, वाट पुन्हा त्याच ठेक्यात सुरू होते.