मंडईचा दगड आणि शिक्षणाचा पैसा



आपले वाघोली दगडखाणींचे गाव. म्हणून आज पुण्यातील एका दगडी वास्तूविषयी, मंडईविषयी, दोन शब्द बोलतो.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरे. पुढे नगरपालिकेने मोठा खर्च करून ही उंच मनोऱ्याची इमारत उभारली. १८८६ साली ती खुली झाली व मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली गेली. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे त्यांचे म्हणणे होते.

कालांतराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव देण्यात आले. मंडई लोकांच्या उपयोगी पडली, यात शंका नाही. पण जोतीरावांचा सवाल अजून उभाच आहे. घरावर मजला चढवायचा म्हणून मुलीचे कॉलेज थांबते, सातवीतला मुलगा दुकानावर बसतो. पालकहो, घर जरूर बांधा, दुकानही थाटा. मात्र मुलांच्या शिक्षणाचा पैसा आधी बाजूला काढा.