नळाचा वार आणि गावाचे राहणे

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १११ शहरांची राहण्याच्या सोयीनुसार क्रमवारी लावली. त्यात पुणे पहिले आले. बुलढाणा, खामगाव, शेगाव, चिखली ही नावे त्या यादीत नव्हती, कारण यादी मुख्यतः मोठ्या शहरांची होती. पण लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांतही माणसे आयुष्य काढतात, आणि तिथले राहणे सुखाचे की जाचाचे हे सर्वांत आधी नळ ठरवतो. रस्ते, दवाखाना, शाळा, बाग, आठवडी बाजाराची नीट जागा, हे सगळे हवेच. पण ते पाण्यानंतर. आणि पाण्यात पहिला प्रश्न ‘किती’ हा नसून ‘कधी’ हा आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग सर्वांना ठाऊक आहेत. घाटावरचे बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसले आहे. पैनगंगा जवळच्याच डोंगरात उगम पावते आणि तिच्यावरचे येळगाव धरण शहराची तहान भागवते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत विहिरीला पाणी लागले तरी ते पिता येईलच असे नाही. खामगावला ज्ञानगंगेवरच्या धरणाचे पाणी आणावे लागते. गाव वसवताना पाण्याचा विचार जुन्या लोकांनी किती बारकाईने केला होता, ते सिंदखेडराजाला दिसते. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव ही कामे जाधवांच्या वाड्याइतकीच लक्ष देऊन पाहण्यासारखी आहेत. पाहुणे मात्र वाडा पाहून परत फिरतात.

गावाची पाणीव्यवस्था म्हणजे घरातला रांजण. धरण म्हणजे रांजणाचे पोट. पावसाळ्यात ते भरले की वर्तमानपत्रात फोटो येतो आणि वर्षाची चिंता मिटली असे मानले जाते. पण रांजणाच्या बुडाला चीर असेल तर पोट भरून काय उपयोग? जुन्या, गंजलेल्या जलवाहिन्या ही ती चीर. रांजणावर झाकण नसेल तर पाणी नासते. शुद्धीकरण केंद्र ते झाकण. आणि रांजणात ओगराळे कोणी, कधी, किती वेळा घालायचे याला घरात रीत असते. गावात ही रीत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाच्या हाती असते. जलकुंभ भरला की कोणत्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, यावर शेकडो घरांचा दिवस अवलंबून असतो. पोटाची चर्चा सगळे करतात, ओगराळ्याची कोणी करत नाही.

नळ दिवसाआड किंवा त्याहून जास्त दिवसांनी येतो तेव्हा काय होते ते नीट पाहावे. घरातली बाई नळाच्या वेळेसाठी घरी थांबते. मजुरीला जाणारी असेल तर तिचा रोज बुडतो. मुलगी शाळेत उशिरा पोचते. पुढची पाळी कधी याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक घर टाक्या, ड्रम, बादल्या भरून ठेवते. त्या साठ्यात डेंग्यूचे डास वाढतात. ताजे पाणी आले की शिळे फेकून दिले जाते. म्हणजे टंचाईतच नासाडी. आणि नळीत पाणी नसते तेव्हा आतला दाब जातो, सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या पाळीचा पहिला गढूळ लोट त्यातूनच येतो. त्यात टिल्लू पंप लावून शेजाऱ्याच्या वाटणीचे ओढणारे आहेत. हे चुकीचे आहे, हे त्यांनाही माहीत आहे. टंचाई सर्वांची असताना ती एकट्यापुरती सोडवता येत नाही.

म्हणून पुन्हा तेच सांगायचे. धरणाची उंची वाढवली म्हणजे नळाची वेळ सुधारली असे होत नाही. कराड तालुक्यातल्या मलकापूरने, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरच्याच नावाच्या गावाने, चोवीस तास पाणी देऊन दाखवले. वाहिन्या बदलल्या, प्रत्येक नळाला मीटर बसवले आणि जास्त वापराला चढा दर लावला. पाणी सदा येणार हे कळल्यावर साठवण्याची आणि फेकण्याची गरज उरली नाही. मीटर म्हटले की आपल्याकडे नाक मुरडले जाते. पण मीटर नसला की मोठ्या बंगल्याची बाग आणि एका खोलीचे बिऱ्हाड एकाच पाणीपट्टीत येतात.

सगळ्या गावांना लगेच चोवीस तास जमणार नाही. मात्र व्हॉल्व्हचे वेळापत्रक भागवार फलकावर लावणे, ते पाळणे, पाळता आले नाही तर आदल्या दिवशी कळवणे, एवढे कोणत्याही नगरपालिकेला जमते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने पाणीपुरवठा तिच्या कर्तव्यांत घातलेलाच आहे. वेळापत्रक आपल्याकडे पाळले जात नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात जाऊन यावे. तिथे उत्सवाच्या गर्दीतही आवार स्वच्छ राहते आणि रांग चालू राहते. तिथले सेवेकरीही आपल्यातलेच आहेत.

सांडपाण्याचा विषय याला लागूनच आहे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटर आणि नसलेल्या शहरासाठी ७० लिटर असे मान धरले जाते. म्हणजे गटार बांधायचे तर पाणी जवळपास दुप्पट लागते, आणि गटाराची योजना आधी, पाण्याची नंतर असा क्रम लागला तर नव्या गटारात वाहायला काहीच नसते. उतार, मैलाशुद्धीकरण आणि ते पाणी शेतीला देण्याची सोय या गोष्टी इथे नुसत्या नावाने सांगाव्या लागत आहेत, कारण वेळ संपत आला आहे. ते सगळे होईल तोवर प्रत्येक वॉर्डाने आपल्या व्हॉल्व्हची वेळ नगरपालिकेकडून लेखी मागून घ्यावी.