खाडीची राखण : आपल्या समाजाचे कर्तव्य

(समाजाच्या माजिवडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात मुलांचे शिक्षण, लग्नखर्च आणि व्यसने यांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. आज तो विषय बाजूस ठेवून आपल्या दारच्या खाडीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो. कारण खाडी राहिली तरच गाव राहील, असे आमचे मत झाले आहे.

आपण आगरी. आगर म्हणजे मिठागर. आपले नाव त्यावरूनच पडले असे मानतात. भरतीचे पाणी आगरात घ्यावयाचे, उन्हात आटवावयाचे आणि मिठाच्या राशी लावावयाच्या, ही विद्या आपल्या पूर्वजांची. खाजणाला बांध घालून त्यांनी खाऱ्या जमिनीत भातही पिकविले. त्या बांधाला उघाडी असे. ओहोटीला पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाई आणि भरतीला खारे पाणी आत येत नसे. उधाणात बांधाला खांड गेली, तर ज्याचे शेत त्यानेच धावावे असा हिशेब नव्हता. एकाची खांड म्हणजे साऱ्यांचे पीक गेले, हे सर्वांस ठाऊक असे. म्हणून घरटी माणूस चिखलात उतरे.

जुनी व्यवस्था निर्दोष होती, असे आमचे म्हणणे नाही. बांध राबणाऱ्याने राखावा आणि धान्य खोताने न्यावे, या अन्यायाविरुद्ध अलिबागजवळील चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत संप केला, हा आपल्या समाजाचा अभिमानाचा इतिहास आहे. राखण करणाऱ्यास हक्कही हवा, हाच त्याचा बोध होय.

सांप्रत काय स्थिती आहे? माजिवड्याच्या एका अंगास येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगास बाळकूम-साकेतकडील खाडी. डोंगरावरचे पाणी पूर्वी ओढ्यांनी खाजणात उतरे, तेथे पसरे व ओहोटीबरोबर निघून जाई. आज त्या वाटेत इमारती आणि हमरस्ते उभे आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई-ठाण्याच्या सखल भागाची काय दशा झाली हे आपण विसरलेलो नाही. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जावयास जागा उरत नाही.

आणि समुद्र तर चढत आहे. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. अलीकडे ती वर्षास साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढत आहे, असा शास्त्रज्ञांचा निर्वाळा आहे. अशा वेळी तिवर आणि चिप्पी हाच आपला खरा बांध. त्यांची मुळे गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात, आणि त्यांच्याच आश्रयाने निवट्या, चिंबोऱ्या व कोलंबी वाढते.

कायदे नाहीत असे नाही. 1991 साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. 2012 साली राज्याने कांदळवन कक्ष स्थापिला. कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली दिला. ठाणे खाडीच्या एका भागास 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा मान मिळाला. तथापि खाडीकाठच्या नियंत्रणाची मर्यादा 2011 च्या अधिसूचनेत 100 मीटर होती, ती 2019 च्या अधिसूचनेत 50 मीटरवर आली. शिवाय खाडी एक आणि धनी अनेक. वनखाते, महसूल, महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, मेरिटाइम बोर्ड, प्रत्येकाची हद्द निराळी. रात्री भरावाचा डंपर येतो तेव्हा मात्र त्याला कोणतीच हद्द आडवी येत नाही.

येथे एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. तो डंपर पुष्कळदा आपल्याच माणसाने दाखविलेल्या जागी रिकामा होतो. ज्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी वा आजारपणासाठी जमीन दिली, त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु चार पैशांकरिता खाजणात राडारोडा टाकू देणे म्हणजे आपल्याच बांधाला आपल्या हाताने खांड पाडणे होय. त्याचे पाणी प्रथम गावठाणातच शिरणार, कारण नव्या इमारती उंच जोत्यावर आहेत आणि आपली घरे सखल भागात.

म्हणून आमची समाजास विनंती आहे. कोणत्याही सभासद कुटुंबाने खाजणात भराव घेऊ नये वा घेऊ देऊ नये, असा ठराव आज व्हावा. प्रत्येक गावातून दोन तरुण व दोन भगिनी निवडाव्या. त्यांनी भराव वा वृक्षतोड दिसताच छायाचित्रासह लेखी तक्रार करावी व समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि कोळीबांधवांसह आपण सरकारकडे मागावे की खाडीच्या कारभारात खाडीकाठच्या माणसाला जागा द्या. राज्याच्या 2017 च्या योजनेने सिंधुदुर्गातील गावांत समित्या नेमून तिवर राखणाऱ्यांस खेकडेपालनासारखे उत्पन्नाचे साधन दिले. जे सिंधुदुर्गात होऊ शकते, ते ठाण्यात का होऊ नये?

आपल्या पूर्वजांनी बांध राखला तो कोणाच्या हुकुमाने नव्हे. खांड गेल्याची हाक ऐकू येताच ते घराबाहेर पडत. तीच हाक आज पुन्हा आली आहे. ती ऐकण्याची बुद्धी ग्रामदेवता आपणा सर्वांस देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.