संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सांगतेच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सात दिवस सप्ताह चालला, विणा खाली टेकला नाही, आज काल्याचं कीर्तनही झालं. पत्रिकेवर आजच्या दिवसापुढं 'सांगता' असं छापलंय, 'शेवट' असं नाही. दोन शब्द बोला असा आग्रह झाला, म्हणून आम्ही ह्याच शब्दांवर बोलायचं ठरवलं.

सांगता म्हणजे सर्व अंगांसहित पुरं होणं. घेतलेलं काम अर्धवट न टाकता पार पाडलं, एवढंच त्यात आहे. व्रताचं उद्यापन असतं. उद्यापन केलं की व्रतातून माणूस मोकळा होतो. वारीचं उद्यापन कुणी केल्याचं आम्ही ऐकलं नाही. एकादशीला पंढरीत पोचलो तरी वारी संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, मग परतीची वाट लागते. घरी आलं की कार्तिकीचा विचार सुरू.

आपल्या घरातली बोलीही अशीच आहे. डब्यातले तांदूळ सरले तर म्हातारी माणसं "तांदूळ वाढले" म्हणायची. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढवलं म्हणायचं. दिवा विझवत नाहीत, मालवतात. निघताना कुणी "जातो" म्हणालं की आतून आवाज यायचा, "येतो म्हण रे!"

काहींना ही अंधश्रद्धा वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. "तांदूळ वाढले" ऐकलं की घरधनी पिशवी घेऊन उठायचा. "येतो" म्हणणारा खरोखर फिरून यायचा. फोडलेल्या नारळाचं खोबरं दहा हातांवर जायचं. शब्दामागं करणी होती, म्हणून तो शब्द खरा होता.

संतांच्या बाबतीतही आपण असंच बोलतो. ज्ञानोबारायांनी शके 1218 मध्ये, म्हणजे इ.स. 1296 साली, आळंदीला समाधी घेतली. तिला आपण संजीवन समाधी म्हणतो आणि दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला तिचा सोहळा करतो. तुकोबारायांचं वैकुंठगमन झालं म्हणतो. त्या तिथीचं नाव बीज, आणि बीज म्हटलं की शेतकऱ्याला पेरणीच आठवणार. आपल्या दिंडीतली जी माणसं गेली, त्यांच्या नावामागं आपण 'कै.' लावत नाही, 'वै.' लावतो. ह्या अंकात जुन्या विणेकऱ्यांची, चोपदारांची नावं तशीच छापलीत. पण नुसतं 'वै.' छापून भागत नाही. त्यांचा विणा आज कुणाच्या तरी गळ्यात आहे, म्हणून ते अक्षर शोभतं.

आता थोडं कडू बोलतो, माऊली, रागावू नका.

बांगडी फुटली तरी आपण "वाढवली" म्हणतो. काम करताना फुटली, बाई दुसरी भरते, तिथं शब्द बरोबर बसतो. पण घरचा माणूस गेला की बायका जमतात, तिचे हात धरतात, बांगड्या फोडतात, आणि त्यालाही "वाढवल्या" म्हणतात. तिथं काय वाढलं? दुसऱ्या बांगड्या तर तिला कुणी भरू देत नाही. कपाळ मोकळं, हात मोकळे, हळदीकुंकवाला बोलावणं नाही. लेकीच्या लग्नात आईनं मागं उभं राहायचं. शब्द गोड आणि करणी कडू. एवढा चांगला शब्द आपण झाकण म्हणून वापरतो.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक राज्य शासनानं त्याच महिन्यात काढलं. ठराव गावानं केला, शासन मागून आलं, हे ध्यानात ठेवा.

आपल्याला तर हे अवघड पडू नये. डोईवर तुळस घेऊन चालणारी माऊली सवाशीण आहे की नाही, हे आपल्या दिंडीत कुणी विचारत नाही. तिच्या पाया पडताना आपण कपाळ बघत नाही. अठरा-वीस दिवस जे वाटेवर जमतं, ते वेशीच्या आत का जमू नये? माळ दोन्हीकडं तीच आहे.

म्हणून आज सांगतेच्या दिवशी आमची एकच विनंती आहे. आपापल्या गावात दुःखाची वेळ आली, तर माळकऱ्यांनी पुढं व्हावं. तिचे हात कुणाला धरू देऊ नये. कुंकू लावायचं की नाही, बांगड्या ठेवायच्या की नाही, ते तिचं तिला ठरवू द्यावं. पुढच्या सप्ताहात कलशपूजनाला तिला मानानं बोलवावं. असं झालं तर 'वाढवणं' हा शब्द पुन्हा खरा होईल.

दिंडीची शंभर वर्षं संपली असं आम्ही म्हणणार नाही. शंभर वर्षं वाढली. ज्येष्ठात प्रस्थानाला भेटूच.

येतो, माऊली. रामकृष्णहरी!