लिंकमागचं कमिशन

ऑनलाइन खरेदीची एक बाजू भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीकरांना वेगळी सांगायला नको. गोदामं, ट्रक, टेम्पो रोज डोळ्यांसमोर असतात. दुसरी बाजू ब्लॉग लिहिणाऱ्याची. ॲमेझॉननं 1996 साली एक योजना सुरू केली: लेखातल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली, की लिहिणाऱ्याला कमिशन.

समजा, तुम्ही फक्त भातशेतीच्या अवजारांवर लिहिता. बांधावरचं गवत काढायला टू-स्ट्रोक ग्रास कटर बरा की फोर-स्ट्रोक? पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं? दगडगोटे असतील तिथे पातं लावायचं की नायलॉनची दोरी? हे यंत्र हाताळलेल्यालाच नीट सांगता येतं, आणि वाचक नेमकं तेच शोधत येतो. सगळ्याच विषयांवर थोडंथोडं लिहिणारे काय, पैशाला पासरी!

आता हिशेब. आठ हजारांच्या यंत्रावर चार टक्के धरले, तर 320 रुपये. यंत्र परत गेलं, की तेही गेले. त्यामुळे हातची नोकरी सोडायची घाई नको. महिन्यात लाखाची हमी देणाऱ्या कोर्सवाल्यांना तर लांबूनच नमस्कार. आणि कमिशन मिळतं, हे लेखात ठळक लिहा. समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं जानेवारी 2023मध्ये तशा सूचनाच काढल्या आहेत.