एका घटिकेचा फरक

(जालना येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. शके १५३०, चैत्र शुद्ध नवमी, माध्यान्ह. रामजन्माचीच वेळ. रामनवमीला घड्याळात बारा वाजले की गावोगावी गुलाल उधळतो, पाळणा हलतो. त्या वेळी अंगणातल्या खांबाची सावली पाहा. ती अजून आखूड होतच असते. जांबचा माध्यान्ह होतो साडेबाराच्या सुमारास.

यात चूक कुणाचीच नाही. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जालना आहे ७५.९ अंशांवर. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटे लागतात. म्हणजे फरक झाला सुमारे २६ मिनिटांचा. जुन्या मापात एक घटिका आणि वर दोन मिनिटे.

ही घटिका आपल्या लग्नघरांतली. घंगाळातल्या पाण्यावर बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती २४ मिनिटांत भरून बुडाली की घटिका भरली. जोशीबुवा सूर्योदयापासून किंवा सूर्यास्तापासून वाट्या मोजत. आसनगावच्या मांडवातून ‘सावधान’ ऐकून नारायण, म्हणजे पुढचे समर्थ, निघाला असे परंपरा सांगते. तो मुहूर्तही त्या गावच्या सूर्यावरच काढलेला असणार.

मग रेल्वे आली. प्रत्येक गावाचा माध्यान्ह निराळा धरून वेळापत्रक बनत नाही. म्हणून देशभरच्या गाड्या आधी मद्रासच्या वेळेवर धावल्या. ती जालन्याच्या पुढे सुमारे १७ मिनिटे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईकरांनी मात्र ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

प्रमाणवेळ हा आपण सर्वांनी केलेला करार आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण करार पाळताना आपल्या गावचा सूर्य विसरायचे कारण नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे जालन्याचा माध्यान्हही वर्षभर सरकतो: नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १० मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४० मिनिटांनी. हे पाठ करण्यापेक्षा पाहावे. शाळेच्या पटांगणात एक चौथरा बांधा. त्यावर त्रिकोणी पत्रा उत्तर-दक्षिण उभा करा. त्याची तिरपी कड जमिनीशी सुमारे २० अंशांचा, म्हणजे जालन्याच्या अक्षांशाएवढा कोन करील आणि थेट ध्रुवताऱ्याकडे रोखलेली राहील. झाले सूर्यघड्याळ! शेजारच्या पाटीवर प्रमाणवेळेतला फरक लिहा.

जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत असे एक यंत्र असावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर निदान १९ मेच्या दुपारी, बारा वाजून तेवीस मिनिटांच्या सुमारास, मुलांना घेऊन अंगणात या आणि सपाट फरशीवर एक उभा पेला ठेवा. त्या दिवशी जालन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते.